सिंडोपा 1-1-1-1-1: वॉर्डच्या राउंडमध्ये घरच्या वेळा कशा पाळायच्या?

वॉर्डनंबरसात

ऑर्थोपेडिक वॉर्ड, 32 खाटा, मध्य मुंबई. औषधांचे राउंड सकाळी 6 आणि 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10. खुब्याचं हाड मोडून येणाऱ्या वयस्कर रुग्णांत पार्किन्सन्सवाले वरचेवर असतात. त्यांचं घरचं वेळापत्रक बहुधा असं असतं: 6.30, 9.30, 12.30, 3.30, 6.30 ला साधी सिंडोपा (लेवोडोपा आणि कार्बिडोपाची गोळी) आणि रात्री 10 ला सीआर (हळू सुटणारी). केसपेपरवर निवासी डॉक्टर 'टॅब. सिंडोपा 1-1-1-1-1, सीआर एचएस' (पाच वेळा एकेक, सीआर झोपताना) एवढंच लिहितात. हे आमच्या ट्रॉलीवर चढलं की तीन तासांचं अंतर चार तासांचं होतं, आणि रात्री 10 ला साधी व सीआर दोन्ही एकदम जातात. दिवसभरातल्या गोळ्यांची संख्या बरोबर भरते, त्यामुळे ऑडिटमध्ये काहीच सापडत नाही. रुग्ण मात्र दुसऱ्या दिवशी लाकडासारखा होतो.

मला वॉर्डसाठी एक पानाची पद्धत लिहायची आहे. शीटवर नेमकं काय लिहून घ्यावं? ऑपरेशनच्या दिवशी एनबीएमचं (तोंडाने काही न देण्याचं) काय करायचं? रुग्णाने घरून आणलेल्या स्ट्रिपा ठेवायच्या की परत द्यायच्या? आणि आरटी (नाकातून पोटात जाणारी नळी) घातली असेल तर गोळी कशी द्यायची? कृपया 'वेळेवर द्या' एवढ्यावर थांबू नका. ते आम्हालाही कळतं. एका सिस्टरकडे 16 रुग्ण असताना ते जमवायचं कसं, हा प्रश्न आहे.

औषधालय

सिस्टर, पहिली दुरुस्ती शीटवरच करा. '1-1-1-1-1', 'टीडीएस' (दिवसातून तीनदा), 'क्यूआयडी' (चारदा) यातलं काहीही लेवोडोपासाठी स्वीकारायचं नाही. डॉक्टरांकडून घड्याळाच्या वेळा लिहून घ्यायच्या: 6.30, 9.30, 12.30, 3.30, 6.30. शेजारी 'राउंडसोबत देऊ नये' असा शेरा. लेवोडोपा म्हणजे मेंदूत जाऊन डोपामीन बनणारा मुख्य घटक, त्याचं रक्तातलं अर्धायुष्य (मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण दीड तास. आजार जुना झाला की मेंदूत साठवण उरत नाही, त्यामुळे रक्तातली पातळी घसरली की अर्ध्या तासात हातपाय आखडतात. रक्तदाबाची गोळी तासभर पुढेमागे झाली तर चालतं, तो हिशेब इथे लावता येत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेचा 2018 चा निकष लिहून दिलेल्या वेळेच्या आत-बाहेर 30 मिनिटांचा आहे. तोच आपल्या पानावर घ्या, कारण त्याहून कडक लिहिलंत तर कोणी पाळणार नाही.

उशीर झाल्याने नुसता आजार 'वाढत' नाही, गिळणंही बंद पडतं. 9.30 ची गोळी 10.45 ला तोंडात घातली तर ती गालातच राहते किंवा पाण्याबरोबर श्वासनलिकेत जाते. मग शीटवर शेरा येतो, 'पेशंट रिफ्यूज्ड'. त्याने नाकारलेली नसते, त्याला तोंड उघडता आलेलं नसतं.

आता स्ट्रिप वाचण्याबद्दल, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. सिंडोपा 110 म्हणजे लेवोडोपा 100 आणि कार्बिडोपा 10. 125, म्हणजेच प्लस, यात 100 आणि 25. 275 मध्ये 250 आणि 25. सीआर 125 मध्येही 100 आणि 25 च असतं, पण ती हळू सुटते. म्हणजे '125' हा आकडा दोन अगदी वेगळ्या गोळ्यांवर आहे. फार्मसीत 125 संपली म्हणून 110 आली, लेवोडोपा तर सारखंच, असं म्हणून चालत नाही. शरीरातच लेवोडोपा वाया जाऊ नये यासाठी दिवसाला साधारण 70 ते 100 मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. पाच वेळा 125 दिली तर 125 मिलिग्रॅम मिळतं. पाच वेळा 110 दिली तर फक्त 50. मग मळमळ सुरू होते, मळमळीसाठी कोणीतरी पेरिनॉर्म (डोपामीन अडवणारं उलटीचं औषध) लिहितं, आणि तिथून पुढची घसरण. 275 ची अर्धी गोळी म्हणजे लेवोडोपा 125, ती 100 ची जागा घेत नाही. मॅडोपारमध्ये कार्बिडोपाऐवजी बेन्सेराझाइड असतं. म्हणून शीटवर ब्रँडच्या नावाखाली दोन्ही घटकांचे आकडे आणि 'साधी' की 'सीआर' हे लिहिलेलं हवं.

पहिल्या डोसची गोष्ट वेगळीच. कॅज्युअल्टी, एक्स-रे, वॉर्डात खाट, इंडेंट (औषधाची मागणी), फार्मसी या साखळीत सहा-सात तास सहज जातात आणि दोन डोस बुडतात. इंडेंटची वाट न बघता तो डोस रुग्णाच्या स्ट्रिपमधून कॅज्युअल्टीतच द्यायचा आणि वेळ लिहायची. वॉर्डात साधी 110, 125 आणि सीआर यांची एकेक स्ट्रिप फ्लोअर स्टॉकमध्ये ठेवा. महागडं औषध नाही हे.

डोस चुकलाच तर लक्षात येताच द्यायचा. पुढचा दुप्पट करायचा नाही. पुढच्या वेळा सरकवायच्या का, हे डॉक्टरांनी त्याच वेळी लिहून द्यावं, नाहीतर प्रत्येक शिफ्ट आपापल्या मनाने सरकवते.

भूलशास्त्र

एनबीएमबद्दल मी लिहितो. खाटेवर 'रात्री 12 पासून एनबीएम' ही पाटी लागली की गोळ्याही बंद, हा वॉर्डाचा अलिखित नियम आहे आणि तो चुकीचा आहे. ठरलेल्या ऑपरेशनसाठी घन आहार 6 तास आणि साधं पाणी 2 तास आधी बंद, हे भुलेचं नेहमीचं गणित. लेवोडोपा घोटभर पाण्याबरोबर या दोन तासांतही देता येतं, पण भूलतज्ज्ञांनी ते प्री-ऑप ऑर्डरमध्ये लिहिलेलं हवं: 'एनबीएम, पार्किन्सन्सच्या गोळ्या वगळून'. पाटीवरही तसंच लिहा, कारण पहाटेची सिस्टर ऑर्डर वाचण्याआधी पाटी वाचते.

लिस्टमध्ये पहिला नंबर मागून घ्या. वय किंवा मधुमेह ही कारणं सगळेच देतात, इथे कारण वेळेचं आहे. पहिली केस 8.30 ला उचलली तर 6.30 चा डोस झालेला असतो आणि 9.30 चा रिकव्हरीत देता येतो. चौथ्या नंबरवर गेलात तर केस किती वाजता लागेल हे देवालाच ठाऊक. स्ट्रिप आणि वेळांचा कागद रुग्णाबरोबर ओटीत पाठवा. रिकव्हरीत गोळी नसते आणि तिथून कोणी वॉर्डात फोन करत नाही. ऑपरेशन लांबणार असेल तर भूल दिल्यावर आरटी घालून मधला डोस तिच्यातूनही देता येतो. खुब्यासाठी शक्य असेल तिथे स्पायनल (पाठीतून दिलेली भूल) बरी, कारण रुग्ण लवकर गिळू लागतो. वेदनेसाठी फॅसिया इलियाका ब्लॉक (खुब्याकडच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) आणि पॅरासिटामॉल दिलं की मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी लागतात.

सिस्टर, एक गोष्ट लाल शाईत लिहा. रासाजिलीन किंवा सेलेजिलीन (याही पार्किन्सन्सच्याच गोळ्या) चालू असेल तर वेदनेसाठी पेथिडीन नाही, ट्रामाडॉलही नाही. नंतर जंतुसंसर्गासाठी लिनेझोलिड लिहिलं गेलं तर डॉक्टरांना आठवण करा. खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फानही याच यादीत. या जोड्यांतून सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, गोंधळ असं चित्र उभं राहतं, आणि ते पार्किन्सन्सचंच समजलं जाण्याचा धोका असतो.

उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे पेरिनॉर्म, नको. चक्कर-मळमळीसाठी स्टेमेटिल नको. रक्त चढवताना सवयीने दिलं जाणारं फेनरगनही नको. तिन्ही मेंदूतलं डोपामीनच अडवतात, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. ओंडान्सेट्रॉन 4 मिलिग्रॅम आयव्ही चालतं. तोंडाने डॉम्पेरिडोन 10 मिलिग्रॅम चालतं, फक्त ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) लांबलेलं नाही हे बघून, आणि दोन्ही औषधं क्यूटी लांबवतात हे लक्षात ठेवून.

औषधालय

डॉक्टर, त्यात लेवोसल्पिराइड जोडा. आपल्याकडे ते ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये राबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलबरोबर मिसळलेलं येतं आणि 'पोटाचं औषध' म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही. कॅप्सूलच्या नावामागे 'एल' किंवा 'एलएस' दिसलं की पाठीमागचे घटक वाचावेत. चक्करेसाठीच्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनचंही तसंच.

वॉर्डनंबरसात

हे फार कामाचं आहे. आमच्या प्री-ऑप छापील फॉर्मवर पेरिनॉर्म आधीच टाइप केलेलं आहे, ते खोडायला हवं. दोन गोष्टी राहिल्या. रात्री रुग्ण बरळायला लागला, आयव्ही ओढायला लागला की ड्युटी डॉक्टर सेरेनेस लिहितात. मग काय द्यायचं? आणि आरटीचं अजून कोणी सांगितलं नाही.

भूलशास्त्र

सेरेनेस, म्हणजे हॅलोपेरिडॉल, अजिबात नको. ओलँझापिन, रिस्पेरिडोनही नकोत. आधी कारण शोधा: लघवी तुंबली आहे का, शौच कधी झालं, सोडियम किती, ताप, ऑक्सिजन, दुखणं. पॅसिटेन (पार्किन्सन्सच्या थरथरीची गोळी) चालू असेल तर म्हाताऱ्या माणसात तेही गोंधळ आणि लघवी तुंबण्याला कारण असू शकतं. पार्किन्सन्सचंच दुसरं औषध अमँटाडिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलं की ते साठतं आणि भास होतात. औषध द्यावंच लागलं तर क्वेटियापिन 12.5 किंवा 25 मिलिग्रॅम, तेही न्यूरोलॉजीला विचारून.

हातपाय आपोआप वळवळताना दिसले तर त्याला झटके समजू नका. डोस शिखरावर असताना होणारी ती डिस्कायनेशिया असते. त्यासाठी झोपेचं इंजेक्शन दिलं तर पुढचे तीन डोस गिळायला माणूस जागा नसतो.

उलट बाजूची आणीबाणीही पानावर असू द्या. गोळ्या अचानक थांबल्यावर एक-दोन दिवसांत खूप ताप, कडकपणा, घाम, बेशुद्धी, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं, असं दिसलं तर ते सेप्सिस म्हणून घेण्याआधी औषधाचं शीट उघडा. किती डोस कोरे आहेत ते मोजा. हा पार्किन्सनिझम-हायपरपायरेक्सियाचा प्रकार असू शकतो. त्यात गोळ्या पुन्हा सुरू करणं हाच उपचाराचा गाभा, आणि रुग्ण आयसीयूत हवा.

औषधालय

आरटीचं. फक्त साधी गोळी चालते. सीआर कधीही कुटायची नाही. कुटली तर सगळं औषध एकदम सुटतं. सीआर बंद करून साधी द्यायची तर डॉक्टरांनी मात्रा नव्याने काढावी, कारण सीआरमधून साध्या गोळीच्या साधारण 70 टक्केच लेवोडोपा अंगी लागतं. म्हणजे सीआरमधलं 200 हे साध्या गोळीतल्या 140 च्या आसपास. तेही एका वेळी नाही, विभागून. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्या औषधांची ईआर (हळू सुटणारी) गोळी असेल तर तीही कुटायची नाही, तिची साधी गोळी लिहून घ्यायची.

आधी 30 मिली पाण्याने नळी धुवा. गोळी 10 ते 20 मिली साध्या पाण्यात विरघळू द्या, राहिलेले कण सिरिंजच्या दांड्याने चुरा, लगेच द्या, पुन्हा 30 मिली पाणी. ट्रॉलीवर सकाळीच पाचही डोस विरघळवून ठेवायचे नाहीत. लेवोडोपा हवेत काळवंडतं आणि निकामी होतं. दुधात किंवा फीडमध्ये मिसळायचं नाही, कारण प्रथिनं आणि लेवोडोपा आतड्यातून एकाच वाटेने आत जातात आणि गर्दीत लेवोडोपा मागे राहतं. बोलस (ठरावीक वेळी एकदम दिलेलं) फीड असेल तर डोसनंतर अर्धा तास थांबून फीड, किंवा फीडनंतर तासाने डोस. पंपावर अखंड फीड चालू असेल तर दर डोसभोवती पंप थांबवायचा का आणि दिवसाची कॅलरी कशी भरून काढायची, हे आहारतज्ज्ञांशी आधी बोला. दिवसातून पाच वेळा थांबलेला पंप निम्म्या वेळा पुन्हा सुरू होत नाही, हेही खरं.

ऑपरेशननंतर लोहाची गोळी हमखास लिहिली जाते. ती लेवोडोपाला धरून ठेवते. दोघांत किमान 2 तास. तीन तासांच्या वेळापत्रकात ती बसतच नाही, म्हणून सीआरच्या आधी रात्री 8.30 ची वेळ द्या, म्हणजे 6.30 च्या डोसला 2 तास होतात. सीआरला दीडच तास राहतो हे मला दिसतंय. जमलं तर वॉर्डात असेपर्यंत लोह थांबवायला विचारा, तेच बरं.

चालतं_बोलतं

मी फिजिओथेरपीच्या बाजूने. शीटवर वेळ बरोबर असली तरी गोळी ताटाबरोबर दिली जाते, ही वेगळी अडचण. 'जेवणानंतर गोळी' ही सवय हाडात मुरलेली आहे. वॉर्डात 12.30 ला वरण-भात, उसळ, दही येतं. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी जायला हवी, म्हणजे या रुग्णाचं ताट 1 वाजता. ट्रॉली परत जाईल म्हणून मावशींना ताट झाकून ठेवायला सांगा. सकाळचा 6.30 चा डोस पाण्याबरोबर, दुधाच्या चहाबरोबर नाही. मळमळत असेल तर सोबत एखादं मारी बिस्किट चालेल.

व्यायामाची वेळ डोसपासून मोजा. गोळीनंतर साधारण 45 मिनिटांनी चालायला घेतलं तर पाऊल उचलतं. फिजिओ 9 ला येऊन गेला आणि 'पेशंट उभा राहत नाही' असं लिहून गेला, तर त्याने 6.30 च्या डोसचा शेवट पाहिलेला असतो. पहिल्यांदा उभं करण्याआधी झोपून आणि उभ्याने रक्तदाब घ्या. लेवोडोपा, गेलेलं रक्त आणि स्पायनल हे तिन्ही मिळून तो पाडतात.

स्ट्रिपांबद्दल माझं मत: जो रुग्ण भानावर आहे आणि घरी स्वतः गोळ्या घेतो, त्याच्या ताब्यात गोळ्या राहू द्या. त्याचं अंग त्याला घड्याळाआधी सांगतं. सगळ्या गोळ्या काढून ट्रॉलीत टाकायच्या आणि मग त्याने बेल वाजवत बसायचं, यात कोणाचंच भलं नाही.

औषधालय

तत्त्वतः पटतं, पण उशीखाली स्ट्रिप आणि ट्रॉलीत दुसरी स्ट्रिप असं झालं की दुप्पट डोस ठरलेला. रुग्णाने घेतली, सिस्टरने दिली, सुनेने आल्यावर आणखी एक दिली. तीन जणांच्या प्रेमातून भास आणि वळवळ. एनएबीएचच्या (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या मंडळाच्या) निकषांतही घरून आणलेल्या औषधांबद्दल आणि रुग्णाने स्वतः औषध घेण्याबद्दल लेखी धोरण हवं असं म्हटलेलं आहे. ते धोरण लिहा: डॉक्टरांचा शेरा 'रुग्ण स्वतः घेईल', फार्मसीने स्ट्रिप, मुदत आणि आकडा तपासायचा, खाटेजवळच्या कुलूपबंद खणात ठेवायची, आणि प्रत्येक डोसनंतर सिस्टरने विचारून खूण करायची. शीट एकच. भूल, ताप किंवा गोंधळ असेल त्या दिवशी ही सवलत आपोआप रद्द.

चालतं_बोलतं

मान्य. फक्त नातेवाइकांवर काही अवलंबून ठेवू नका. 6.30 च्या डोसला सून कल्याणहून येणार, आणि पावसाळ्यात गाडी कुर्ल्याला थांबली की डोसही तिथेच थांबला. आयसीयूत तर आत सोडतच नाहीत.

त्यांच्याकडून एक कार्ड मात्र भरून घ्या आणि खाटेच्या डोक्याशी लावा. वेळ, गोळीचं नाव, दोन्ही आकडे, साधी की सीआर, शेवटचा डोस कधी झाला, डीबीएस (मेंदूला विद्युत उत्तेजन देणारं यंत्र) बसवलंय का, टाळायची औषधं कोणती. औषधांची नावं इंग्रजीत आणि वेळा ठळक आकड्यांत. रात्रपाळीच्या मल्याळी सिस्टरना मराठी अक्षर वाचता येईलच असं नाही. डीबीएस असेल तर ओटीतली कॉटरी, एमआरआय आणि फिजिओतली डायथर्मी या तिन्हींसाठी आधी विचारायचं. डायथर्मी तर अजिबात नाही. घरच्यांना माहिती आणि आधार हवा असेल तर 2001 मध्ये मुंबईत सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, तिचे स्वमदत गट चालतात.

वॉर्डनंबरसात

कच्चं पान तयार झालं. स्टेशनवरच्या फोनला पाच अलार्म लावतेय आणि फळ्यावर खाटेच्या नंबरापुढे पाच वेळा. अलार्म वाजला की ज्या सिस्टरच्या हाती कीडनी ट्रे नाही ती उठणार, मग ती त्या बाजूची असो वा नसो. चाचणी वेळ म्हणून दुपारचा डोस बघितला तर एक अडचण दिसली: आमचा ओव्हर (शिफ्ट बदलताना रुग्ण सोपवणं) 2 ला आहे, त्यामुळे 12.30 आणि 3.30 निभावतात. पण ज्या रुग्णाचं वेळापत्रक 7, 10.30, 2, 5.30 असं असेल, त्याचा 2 चा डोस दोन शिफ्टच्या मधे पडतो. सकाळची म्हणते दुपारची देईल, दुपारची समजते देऊन झाला.

औषधालय

तो डोस निघणाऱ्या शिफ्टचा ठरवा आणि 1.45 ला द्या. 30 मिनिटांत बसतो. ओव्हर देताना 'पार्किन्सन्स' या शब्दाऐवजी 'शेवटचा डोस 1.45, पुढचा 5.30' असं वाक्य म्हणायचं. रात्री 8 च्या ओव्हरलाही तसंच. आणि फळ्यावर 12 तासांचं घड्याळ वापरताय तर 6.30 दोनदा येतं, त्यापुढे 'स' आणि 'सं' न लिहिता 06.30 आणि 18.30 लिहा. 'स' वरचा अनुस्वार पुसला गेला की गेला.